बिट कोणते घ्यावे? : घरगुती कार्यशाळेविषयी वाचकांचे प्रश्न

ड्रिल यंत्र घेताना लोक पुष्कळ चौकशी करतात, मात्र प्रत्यक्ष कापण्याचे काम करणारे बिट हाताला लागेल ते उचलतात, असे या सदराकडे आलेल्या पत्रांवरून दिसते. म्हणून या वेळी केवळ बिटांविषयीचे प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : घरच्या कार्यशाळेसाठी पहिल्यांदाच बिटे घ्यायची आहेत. लाकूड, धातू आणि भिंत या तिन्हींची मिळून शंभर नगांची एक पेटी पाहिली आहे. ती घ्यावी का?

उत्तर : माझा सल्ला विचाराल तर घेऊ नये. अशा पेटीतील संख्या बहुधा दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक बिटांनी आणि स्क्रू पिळण्याच्या तुकड्यांनी भरून काढलेली असते. ज्या मापांची तुम्हाला रोज गरज पडणार, त्यांचे एकेकच बिट मिळते, आणि ते बोथट झाले की उरलेल्या नव्व्याण्णव नगांचा काही उपयोग होत नाही. पेटीत एखादे रिकामे खाच दिसू लागले की माणूस जवळच्या मापाने काम भागवतो आणि तिथून चुकीच्या भोकांना सुरुवात होते.

त्याऐवजी आधी आपले काम काय आहे, याचा विचार करावा. पोलाद, ॲल्युमिनियम, प्लायवुड आणि प्लास्टिक या सर्वांवर ज्याने तडजोडीने का होईना पण काम होते, असे एकच बिट आहे : हाय-स्पीड स्टीलचे, म्हणजेच एचएसएसचे, पिळाचे साधे बिट. अशा बिटांचा १ ते १० मिलिमीटरपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने येणारा १९ नगांचा संच हा उत्तम पाया आहे. तुमच्या यंत्राचा चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, १३ मिलिमीटरचा असेल, तर १३ पर्यंतचा २५ नगांचा संच घेता येईल. परंतु १० च्या पुढची मापे घरात क्वचितच लागतात आणि ती लागतील तेव्हा सुटी आणणे शहाणपणाचे असते. या संचाखेरीज २, २.५, ३ आणि ४ मिलिमीटरची दोन-दोन बिटे जास्तीची ठेवावीत, कारण बारीक बिटे झिजण्याआधीच मोडतात. धातूत आटे पाडण्याची हौस असेल, तर अर्ध्याच्या पटीत न बसणारी ३.३, ४.२ आणि ६.८ ही तीन मापे वेगळी घ्यावी लागतील. ती का, ते पुढे एका उत्तरात येईल.

भिंतीसाठी कार्बाइडच्या टोकाची ६, ८ आणि १० मिलिमीटरची तीन बिटे पुरेशी आहेत. लाकडाचे काम नियमित करणार असाल, तर मधोमध टोचणारे अणकुचीदार टोक असलेली, ब्रॅड पॉइंट नावाने मिळणारी चार-पाच मापे घ्यावीत. एवढ्यावर दोन-तीन वर्षे सहज निघतात आणि तोपर्यंत तुमच्या हाताला खरोखर काय कमी पडते, हे तुमचे तुम्हालाच कळलेले असते.

दुकानात बिट हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. दांड्यावर माप आणि धातूचा प्रकार स्पष्ट कोरलेला असावा. बिट सपाट काचेवर लोळवले असता डुगडुगू नये, कारण वाकडे बिट ठरलेल्या मापापेक्षा मोठे भोक पाडते. आणि टोकाकडून सरळ पाहिले असता दोन्ही कापणाऱ्या कडा सारख्याच लांबीच्या दिसाव्यात. स्वस्त बिटांत खोट असते ती बहुधा या तिसऱ्या ठिकाणी, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसते.

प्रश्न : काळी, चकचकीत पांढरी, सोनेरी आणि कोबाल्टची अशी चार प्रकारची एकाच मापाची बिटे दाखवण्यात आली. सोनेरी बिट सर्वांत टिकाऊ असते, हे खरे का?

उत्तर : रंग आणि धातू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची नेमकी गल्लत होते. काळे, पांढरे आणि सोनेरी या तिन्ही बिटांच्या पोटात एकच एचएसएस असू शकते. काळा रंग हा पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर असतो; तो गंज थोडा रोखतो आणि तेल थोडे धरून ठेवतो. पांढरे बिट बहुधा घासून घडवलेले आणि तसेच ठेवलेले असते. सोनेरी रंग खरा असेल तर तो टायटॅनियम नायट्राइडचा असतो. हा पदार्थ पोलादापेक्षा कितीतरी कठीण आहे आणि त्याने घर्षण कमी होते, हे निर्विवाद आहे. परंतु त्या थराची जाडी अवघी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा एक अंश असते. कारखान्यात, जिथे वेग, दाब आणि शीतक द्रव यांवर पूर्ण ताबा असतो, तिथे तो थर आपले मोल दाखवतो. हातातल्या ड्रिलने वेडावाकडा दाब देऊन भोके पाडताना कडा थराच्या झिजेमुळे कमी आणि उष्णतेमुळे किंवा हिसक्यामुळे जास्त जातात. शिवाय एकदा धार लावली की टोकावरचा थर निघून जातो. काही बिटांवर नुसताच सोनेरी रंग असतो आणि तो डोळ्यांनी ओळखणे कठीण असते, हे आणखी एक.

कोबाल्टची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे धातूच बदललेला असतो. एम-३५ या जातीच्या पोलादात सुमारे ५ टक्के आणि एम-४२ मध्ये सुमारे ८ टक्के कोबाल्ट असते. असे पोलाद अधिक तापमानालाही कठीण राहते आणि धार लावली तरी त्याचा गुण जात नाही. मात्र ते अधिक ठिसूळही असते. हातात धरलेल्या ड्रिलमध्ये कोबाल्टचे ३ मिलिमीटरचे बिट जरा तिरके झाले की खाडकन मोडते. म्हणून स्टेनलेस स्टील किंवा तत्सम चिवट धातूचे काम असेल तरच कोबाल्ट घ्यावे. लाकडासाठी आणि साध्या पोलादासाठी त्याची गरज नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिळाच्या बिटाचे पेटंट स्टीफन मॉर्स यांनी अमेरिकेत १८६३ साली घेतले, आणि आज आपण वापरतो ते बिट दिसायला त्याहून फारसे वेगळे नाही. खरा फरक पडला तो पोलादात. पूर्वीचे साधे कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंश सेल्सिअसला नरम पडू लागे. टेलर आणि व्हाइट यांच्या १९०० सालाच्या सुमाराच्या प्रयोगांतून जे हाय-स्पीड पोलाद पुढे आले, ते जवळजवळ ६०० अंशांपर्यंत धार टिकवते. म्हणूनच अगदी स्वस्त पेटीत एचएसएस असा उल्लेखच नसेल, तर ती बिटे कार्बन पोलादाची असण्याचा संभव आहे. ती लाकडात चालतील. धातूत एकदा निळी पडली की संपली.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलच्या पट्टीत ६ मिलिमीटरची चार भोके पाडायची होती. दुसऱ्याच भोकाला नवे बिट निळे पडले आणि नंतर पट्टीवर नुसते फिरत राहिले. बिट निकृष्ट होते का?

उत्तर : असेलही, पण तुमच्या पत्रातील “ड्रिल पूर्ण वेगाने चालवले आणि बिट तापू नये म्हणून दाब हलका ठेवला” हे वाक्य वाचल्यावर मला दोष दुसरीकडे दिसतो. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट कराव्या लागतात.

या धातूचे दोन स्वभाव लक्षात घ्यावेत. पहिला असा की तो उष्णता फार सावकाश वाहून नेतो. साध्या पोलादाच्या मानाने त्याची उष्णतावाहकता सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे कापताना निर्माण होणारी उष्णता पट्टीत पसरत नाही, बिटाच्या कडेवरच साचते. दुसरा स्वभाव असा की घासला वा दाबला गेला की तो कठीण होतो. बिट कापत असते तोवर ठीक. परंतु दाब कमी पडून ते नुसते घासू लागले की भोकाच्या तळाशी एक कडक कातडी तयार होते आणि मग ती नव्या बिटालाही दाद देत नाही. तुमच्या दुसऱ्या भोकाचे हेच झाले असावे.

वेगाचा अंदाज घेण्यासाठी मी एक सोपा हिशेब वापरतो. साध्या पोलादात एचएसएसच्या बिटाची कड दर मिनिटाला सुमारे २५ मीटर या गतीने फिरली तर ती सुखाने कापते. यावरून मिनिटाचे फेरे काढायचे तर ८,००० ला बिटाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे : ४ मिलिमीटरला २,०००, ८ मिलिमीटरला १,००० आणि १० मिलिमीटरला ८००. स्टेनलेससाठी ८,००० च्या जागी ३,००० ते ४,००० घ्यावेत; म्हणजे तुमच्या ६ मिलिमीटरच्या बिटाला ५०० ते ६५० फेरे पुरेसे होते. ॲल्युमिनियमसाठी हाच आकडा दुप्पट-तिप्पट करायला हरकत नाही. हातातल्या यंत्रावर नेमके फेरे मोजता येत नाहीत, हे मान्य; पण दोन गिअर असलेल्या यंत्राचा खालचा गिअर कशासाठी असतो, हे या हिशेबावरून ध्यानात येते.

तेव्हा पुढच्या वेळी कोबाल्टचे, टोकाचा कोन १३५ अंशांचा असलेले आणि टोक दुभंगलेले, म्हणजे स्प्लिट पॉइंट पद्धतीचे बिट घ्यावे. सेंटर पंचने, म्हणजे खळगा पाडणाऱ्या टोकदार हत्याराने, खूण करताना हातोडीचा घाव हलका असावा, कारण जोरदार घावानेही ती जागा कठीण होते. खालच्या गिअरवर, सतत आणि ठाम दाबाने, कापण्याचे तेल देत भोक पाडावे. कीस लांब वळ्यांच्या रूपात बाहेर येत असेल तर सर्व ठीक चालले आहे. त्याची भुकटी होऊ लागली की थांबून बिटाची कड तपासावी.

प्रश्न : १० मिलिमीटरचे भोक एकदम पाडावे की आधी बारीक बिट वापरावे? बारीक म्हणजे किती?

उत्तर : पिळाच्या बिटाच्या अगदी मध्यभागी दोन कडांना जोडणारी एक आडवी रेघ असते. ती कापत नाही. ती धातूला नुसती रेटून बाजूला सारते, आणि तुमच्या हाताच्या दाबाचा मोठा भाग या रेटण्यातच खर्च होतो. १० मिलिमीटरच्या बिटात ही रेघ साधारण दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. तिला वाट मोकळी करून देण्यापुरते, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटरचे भोक आधी पाडले की मोठे बिट लोण्यात शिरल्यासारखे जाते.

याहून मोठे प्राथमिक भोक मात्र पाडू नये. ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या चढत जाण्याची सवय अनेकांना असते, पण त्यात मोठ्या बिटाच्या फक्त बाहेरच्या टोकांना काम मिळते. ती टोके अडकतात, बिट हिसके देते आणि भोकाचा आकार बिघडतो. बिट स्प्लिट पॉइंटचे असेल, तर त्या आडव्या रेघेलाच धार काढलेली असल्यामुळे ६ मिलिमीटरपर्यंत प्राथमिक भोकाची गरज सहसा भासत नाही.

प्रश्न : नवे बिट आहे, तरी लाकडातसुद्धा धूर निघतो आणि भोक पुढे जात नाही.

उत्तर : यंत्र उलटे फिरत आहे का, ते आधी पाहावे. स्क्रू काढल्यानंतर दिशेची कळ तशीच राहते. या एका कळीपायी मी स्वतः एकदा अर्धा तास दोन चांगली बिटे जाळली आणि बिट बनवणाऱ्याला मनोमन बरीच दूषणे दिली, म्हणून हा प्रश्न वाचून हसू आले नाही.

प्रश्न : कपाटाच्या दाराला आत बसणाऱ्या बिजागऱ्या लावायच्या आहेत. त्यासाठी सपाट पात्याचे स्पेड बिट चालेल का? एरवी लाकडासाठी कोणती बिटे ठेवावीत?

उत्तर : चालणार नाही. अशा बिजागरीच्या वाटीसाठी प्रचलित माप ३५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि खोली १२ ते १३ मिलिमीटरच्या आसपास असते. दाराची फळी १६ किंवा १८ मिलिमीटरची असेल, तर तळाशी उरते अवघे तीन ते सहा मिलिमीटर लाकूड. स्पेड बिटाचे मधले टोक बरेच लांब असते. वाटीची खोली पुरी होण्याआधीच ते दाराच्या दर्शनी बाजूने बाहेर डोकावेल. इथे फोर्स्टनर बिटच हवे. त्याची कड गोलाकार असते, ती आधी लाकडाचे तंतू गोलाईने कापते, तळ सपाट ठेवते आणि तिचे मधले टोक जेमतेम पुढे आलेले असते. ते स्टँडवर बसवलेल्या ड्रिलमध्ये आणि खोलीचा अडसर लावून चालवणे उत्तम. वेग कमी ठेवावा आणि अधूनमधून बिट वर उचलून भुसा काढून टाकावा, नाहीतर लाकूड करपते आणि बिटाची कडही उतरते.

बाकी लाकडासाठी काय ठेवावे, हे भोकाच्या कामावरून ठरवावे. नेमक्या जागी स्वच्छ काठाचे भोक हवे असेल, उदाहरणार्थ लाकडी खुंटीच्या जोडासाठी, तर ब्रॅड पॉइंटला पर्याय नाही. त्याचे टोक खुणेवर रुतून बसते, त्यामुळे ते सरकत नाही, आणि बाहेरच्या दोन शिंगांनी तंतू आधी कापले जात असल्याने काठाच्या चिरफळ्या उडत नाहीत. स्पेड बिट स्वस्त आणि धसमुसळे असते. वायर किंवा नळी नेण्यासाठी आडोशाच्या जागी भोक पाडायचे असेल तर ते पुरते. जाड तुळईतून खोल भोक न्यायचे असेल तर जुन्या सुतारांच्या गिरमिटाचा वंशज असलेले ऑगर बिट घ्यावे. त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, ते बिटाला स्वतःच आत ओढतात. त्यामुळे यंत्र खालच्या गिअरवर आणि दोन्ही हातांनी घट्ट धरावे.

कोणतेही बिट वापरले तरी भोक आरपार पाडताना पाठीमागे टाकाऊ फळी घट्ट आवळून ठेवावी. प्लायवुडचा मागचा पापुद्रा फुटतो तो बिटाच्या दोषाने कमी आणि या फळीच्या अभावाने अधिक.

स्क्रूसाठी भोक किती पाडावे, असेही एका पत्रात विचारले आहे. स्क्रूचे आटे सोडून मधला गाभा जेवढा जाड, तेवढे. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात २ ते २.५ आणि कठीण लाकडात २.५ ते ३ मिलिमीटर ठीक पडते. वरची जी फळी आवळून घ्यायची, तिच्यात मात्र स्क्रू मोकळा जाईल असे साडेचार मिलिमीटरचे भोक असावे; तसे नसेल तर स्क्रू दोन्ही फळ्यांत आटे पाडतो आणि त्यांच्यामधली फट तशीच राहते.

प्रश्न : आटे पाडण्याच्या टॅपसाठी बिटाचे माप कसे ठरवायचे?

उत्तर : मेट्रिक आट्यांसाठी व्यासातून आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, वजा करावा. एम-६ म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचा आटा; त्याचा पिच १ मिलिमीटर, म्हणून बिट ५ चे. एम-३ चा पिच ०.५, म्हणून बिट २.५ चे. एम-४ चा पिच ०.७, म्हणून बिट ३.३ चे, एम-५ चा ०.८, म्हणून ४.२ चे, आणि एम-८ चा १.२५, म्हणून ६.८ चे (वजाबाकी ६.७५ येते, पण बिट ६.८ चे वापरतात). पहिल्या उत्तरातील तीन विचित्र मापे इथून आली.

प्रश्न : १ मिलिमीटरच्या पत्र्यात ८ मिलिमीटरचे भोक पाडताना बिट अडकून पत्रा हातातून निसटला आणि गरगर फिरला. भोकही गोल न येता तिकोनी आले.

उत्तर : पत्रा हातात धरला होता, हे वाचून काळजी वाटली. फिरणारा पत्रा म्हणजे फिरती सुरीच असते. तो नेहमी लाकडी ठोकळ्यावर क्लँपने आवळावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालू नयेत, कारण मोजा गुंडाळला गेला की बोटही त्याच्यामागे जाते.

तिकोनी भोकाचे कारण असे. जाड धातूत बिटाचे टोक मध्यभागी रुतलेले असताना बाहेरच्या कडा कापू लागतात, त्यामुळे ते डळमळत नाही. पातळ पत्र्यातून मात्र बाहेरच्या कडा पोहोचण्याआधीच टोक पलीकडे निघून गेलेले असते. बिटाला आधार राहत नाही, ते भटकते आणि पिळाच्या खोबणीत पत्रा चढतो. यावर चांगला उपाय म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे शंकूसारखे स्टेप बिट. एकाच बिटाने अनेक मापे पाडता येतात आणि पुढच्या पायरीने हलकासा स्पर्श केला की भोकाच्या काठावर उरलेला बार, म्हणजे धारदार कंगोरा, तोही निघतो. ते घेताना एकेका पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा अधिक असल्याची खात्री करावी. स्टेप बिट नसेल तर पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबून तिन्ही थरांतून एकदम भोक पाडावे; फळी टोकाला आधार देत राहते.

प्रश्न : पितळेच्या पट्टीत आणि ॲक्रिलिकमध्ये बिट आपोआप आत ओढले जाते. ॲक्रिलिकला तर तडा गेला.

उत्तर : पोलादासाठी बिटाच्या कडेला जो पुढे झुकलेला तीक्ष्ण कोन असतो, तो पितळेला आणि ॲक्रिलिकला फार होतो. कड पदार्थात स्वतःच घुसत जाते आणि पलीकडे निघण्याच्या क्षणी हिसका देते. एक जुने बिट घेऊन त्याच्या दोन्ही कापणाऱ्या कडांच्या पुढच्या बाजूवरून बारीक पट्टीचा दगड दांड्याला समांतर धरून दोन-चार वेळा फिरवावा, म्हणजे तो झुकाव जाऊन एक अरुंद सपाट पट्टी तयार होते. असे बिट खरवडत जाते, ओढले जात नाही. त्यावर खूण करून ते वेगळे ठेवावे, कारण पोलादात ते पुन्हा नीट चालणार नाही. ॲक्रिलिकला पाठीमागे फळी द्यावी, वेग बेताचा ठेवावा आणि शेवटच्या मिलिमीटरला हात अगदी हलका करावा.

प्रश्न : भिंतीच्या भोकांसाठी साधे कार्बाइडचे बिट आणि एसडीएस बिट यांत फरक काय? फरशीच्या टाइलला कोणते वापरावे?

उत्तर : विटेत किंवा काँक्रीटमध्ये बिट कापत नसते, ते ठोकून चुरा करते आणि फिरून तो बाहेर काढते. म्हणून त्याचे टोक टंगस्टन कार्बाइडचे आणि दांड्याहून किंचित रुंद असते. साध्या गोल दांड्याचे बिट तीन जबड्यांच्या चकमध्ये बसते. ते इम्पॅक्ट ड्रिलमध्ये चालते आणि विटेच्या भिंतीला पुरेसे आहे. इम्पॅक्ट ड्रिलचा ठोका दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून निर्माण होतो, त्यामुळे तो वेगवान पण दुबळा असतो. काँक्रीटच्या तुळईत अशा यंत्राने दहा मिनिटे झगडण्यापेक्षा रोटरी हॅमर आणावा. त्यात हवेच्या दाबाने हलणारा दट्ट्या बिटाच्या पाठीवर खरा घाव घालतो. एसडीएस-प्लसचा १० मिलिमीटर जाडीचा खाचांचा दांडा त्याच्यासाठीच असतो. तो चकमध्ये आवळला जात नाही, पुढेमागे सरकायला मोकळा राहतो. हा दांडा साध्या चकमध्ये बसवण्याचा खटाटोप करू नये.

पोकळ विटेत आणि हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांत ठोका बंद ठेवावा, नाहीतर आतल्या पातळ भिंती ढासळून प्लगला, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायच्या नळीला, धरायला काही उरत नाही. प्लग ज्या मापाचा, बिट त्याच मापाचे; आणि भोक प्लगपेक्षा सुमारे १० मिलिमीटर खोल, म्हणजे खाली राहिलेल्या चुऱ्याला जागा होते. बिट अचानक पुढे जाईनासे झाले तर सळई लागली असे समजून जागा बदलावी. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत मात्र भोक पाडूच नये. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

टाइलला ठोका कधीही देऊ नये. भिंतीवरच्या मऊ, चकाकी दिलेल्या टाइलमध्ये भाल्याच्या फाळासारखे कार्बाइडचे बिट चालते. व्हिट्रिफाइड टाइल मात्र त्याला दाद देत नाही. तिथे हिऱ्याच्या कणांचे पोकळ बिट लागते. त्याला मधले टोक नसल्यामुळे ते सरकते, म्हणून प्रथम तिरके धरून काठावर चंद्रकोरीएवढी खाच पाडावी आणि मग हळूहळू सरळ करावे. ते पाण्याने थंड ठेवले नाही तर हिऱ्याचे कण सुटून पडतात. पण विजेच्या यंत्रावर पाणी ओतायचे नसते, ओल्या स्पंजने जागा भिजती ठेवावी. याच बिटाने काच कापता येते, परंतु टफन केलेल्या काचेला प्रयत्नसुद्धा करू नये. तिचा एका क्षणात भुगा होतो.

प्रश्न : बोथट बिटांना घरी धार लावता येते का? की ती टाकून द्यावीत?

उत्तर : ३ मिलिमीटरच्या खालची टाकावीत, वरची ठेवावीत. साधे बिट ११८ अंशांचे असते, म्हणजे प्रत्येक कड दांड्याच्या मध्यरेषेशी ५९ अंशांचा कोन करते. ग्राइंडरच्या चाकासमोर बिट या कोनात धरून कड चाकाला टेकवावी आणि दांडा सावकाश खाली नेत कडेच्या मागचा भाग उतरवावा. मागचा भाग कडेपेक्षा खाली असायलाच हवा. तो वर राहिला तर कड कितीही तीक्ष्ण असली तरी ती धातूला टेकतच नाही, आणि नवशिक्याची धार चुकते ती बहुतेक इथेच. स्पर्श हलका ठेवावा. बिट बोटांना सोसवेल एवढेच तापू द्यावे. लाल-निळे होईपर्यंत घासून मग पाण्यात बुडवले तर कडेला बारीक चिरा पडतात.

कोन तपासण्यासाठी खास गेज नसले तरी चालते. सारख्या मापाचे दोन षट्कोनी नट एकमेकांना बाजू चिकटवून ठेवले की त्यांच्यामध्ये १२० अंशांची खाच तयार होते. बिटाचे टोक तीत उजेडाकडे धरून पाहिले की कोन आणि दोन्ही कडांची लांबी यांतील फरक लगेच दिसतो. मग पोलादाच्या तुकड्यात एक भोक पाडून पाहावे. दोन्ही खोबण्यांतून सारखा कीस आला तर धार जमली. एकाच बाजूने आला तर एक कड लांब राहिली आहे आणि भोक मोठे पडणार आहे. कार्बाइडच्या टोकाला नेहमीचे करडे चाक चालत नाही. त्याला सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे किंवा हिऱ्याचे चाक लागते आणि घरात तेवढ्यासाठी ते आणणे परवडत नाही.

प्रश्न : मोडलेले बिट भोकातच अडकले आहे. बाहेर कसे काढावे?

उत्तर : टोक वर दिसत असेल तर पकडीने धरून बिटाच्या उलट दिशेने पिळत काढावे; नुसते ओढू नये, कारण ते पिळात अडकलेले असते. लाकडात पूर्ण बुडाले असेल तर पातळ पोकळ नळीला दाते पाडून तिने भोवतीचे लाकूड कापावे आणि राहिलेल्या भोकात खुंटी ठोकून नव्याने सुरुवात करावी. धातूत अडकलेल्या एचएसएसच्या तुकड्यावर दुसरे एचएसएस बिट चालवून उपयोग नाही, दोन्ही सारखीच कठीण असतात. भोक आरपार असेल तर मागून बारीक पंचने ठोकून पाहावे. आरपार नसेल तर जागा बदलणेच स्वस्त पडते.